सिंधुबाईंच्या हातचा येसर

३ नोव्हेंबर, सोमवार

आज सकाळपासून मी पाच जणांवर ओरडले. प्लंबर, गॅसवाला, बोर्ड रंगवणारा, फोनवर क्रेडिट कार्ड गळ्यात मारणारी एक बाई आणि लुंबिनी. पहिल्या चौघांनी ऐकून घेतलं. लुंबिनी म्हणाली, "झालं का? आता ते टेबल धर तिकडून."

टेबल म्हणजे आमच्या हॉटेलचा जीव. बंद पडलेल्या डाळमिलच्या दाराच्या फळ्या आणून सुताराकडून करून घेतलंय. एका वेळी अठरा माणसं बसतात, आणि शेजारी तसंच थोडं लहान दुसरं. लातुरात दोघांनी बसायला शंभर जागा आहेत. पण दहा-पंधरा दोस्तांना एकत्र जेवायचं म्हटलं की वेटर तोंड वाकडं करून चार टेबलं जोडतो आणि टोकाच्या माणसाला मधला विनोद ऐकू येत नाही. आम्ही दोघींनी क्लासच्या वयापासून हे भोगलंय. म्हणून खाडगाव रोडच्या आतल्या गल्लीत हे हॉटेल. नाव 'टोळकं'.

स्वयंपाक लुंबिनीचा. हॉटेल मॅनेजमेंट करून ती हैदराबादला सहा वर्षं मोठ्या किचनमध्ये होती. बाहेरचं सगळं माझं, कारण गाड्यांच्या शोरूममध्ये गिऱ्हाइकांशी गोड बोलण्यात माझी आठ वर्षं गेली. भाकरीला निलंग्याकडचे मलप्पा. आणि टेबलाच्या मधोमध येसरच्या आमटीचं पातेलं, ज्यानं त्यानं हवी तेवढी घ्यावी. येसर लुंबिनीची आई मुखेडहून करून देणार. या पार्वतीकाकू जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. गहू, हरभऱ्याची डाळ, धने, खोबरं, दगडफूल, एकेक जिन्नस वेगळा भाजून त्या हा आमटीचा मसाला दळतात आणि घाई केलेली त्यांना खपत नाही.

भांडण यावरून झालं की लुंबिनीला रविवारी मटण ठेवायचं होतं. मी म्हटलं, शुद्ध शाकाहारी लिहिल्याशिवाय ग्रुप येत नाहीत. ती म्हणाली, "तुझ्या ग्रुपात काय समदी शेरडंच हायेत का?" शेवटी माझं ऐकलं. माझंच ऐकते ती, थोडं डोकं खाल्लं की.

८ नोव्हेंबर, शनिवार

उद्घाटन झालं. फीत आईनं कापली. आई, म्हणजे सिंधुबाई, गर्दीत शोभते. जरीची साडी, नथ, आल्या-गेल्याची विचारपूस. औशाकडच्या आमच्या शेतातून तिनं पोतंभर ज्वारीही आणली.

पण नेमकी आज संकष्टी. आमटीचं पहिलं पातेलं उतरलं आणि आईनं हात जोडले. लुंबिनीनं तिच्यासाठी मुद्दाम वेगळ्या भांड्यात साबुदाण्याची खिचडी केली, तर म्हणे पोट भरलंय, केळी खाल्ली. मला रागच आला. लेकीच्या हॉटेलचा पहिला दिवस, आणि चंद्राची वाट बघत बसायचं! लुंबिनी म्हणाली, "जाऊ दे गं, सृष्टे." तिनं ती खिचडी झाकून ठेवली आणि नंतर स्वतःच उभ्याउभ्या खाल्ली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

तळपायाची आग मस्तकात गेलीय. लिहिलं नाही तर काहीतरी फोडीन.

भिशीवाल्या सहा बायका टेबल बघायला आल्या होत्या. बावीस जणींचं जेवण, तेही दर महिन्याला. सगळं आवडलं. मग एकीनं विचारलं, "स्वयंपाक कुणाच्या हातचा?" मी हौसेनं लुंबिनीला बाहेर बोलावलं. "नाव काय तुमचं?" "लुंबिनी." "आडनाव?" "सोनकांबळे." त्यावर त्या बाईनं असं हसून "अच्छा, छान" म्हटलं की पंखा बंद पडल्यासारखं सगळं थांबलं. "आणि तो येसर?" "माझ्या आईचा." "बरं, कळवतो." तीन दिवस झाले, कळवतायत.

मी त्या बाईला फोन लावून चांगलं सुनावणार होते. लुंबिनीनं फोन काढून घेतला. "तू पहिल्यांदा बघून राहिलीस म्हणून तुला येवढा राग येतोय," म्हणाली. मला हे लागलं. मी तिच्या बाजूनं भांडते आणि वरून मलाच टोमणा!

पण मी गप्प बसणारी नाही. यावर काहीतरी करणारच.

१९ नोव्हेंबर, बुधवार

केलं. सगळ्यांच्या तोंडाला कुलूप लागेल असं केलं.

नवी मेनूकार्डं छापून आली. पहिल्याच पानावर, ठळक अक्षरात: 'सिंधुबाईंच्या हातचा येसर'. शेजारी आईचा नथीतला फोटो. आता विचारा म्हणावं आडनाव. लुंबिनीला पुन्हा कुणासमोर उभं राहून उत्तरं द्यावी लागणार नाहीत, हा यातला खरा फायदा. आईला विचारलं तेव्हा ती म्हणाली, "तुझ्या धंद्याचं तू बघ, फोटो तेवढा नीट घाल."

लुंबिनीनं कार्ड हातात घेतलं, दोन्ही बाजूंनी बघितलं, म्हणाली, "कागद चांगला हाय." आणि आत गेली. मी घाबरत होते की भडकेल म्हणून. काहीच नाही. तिला पटलंय.

मलप्पा मात्र दुपारभर माझ्याशी बोलले नाहीत. भाकऱ्या थापताना त्यांचं असंच असतं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

परवा एक मुलगी मोबाईल घेऊन आली होती, खाण्याच्या जागांचे व्हिडिओ करते. मी टेबलाजवळ उभी राहून सांगितलं, "आईच्या हातचा येसर, आजीकडून आलेला." आजीचं कुठून आलं देव जाणे, बोलता बोलता आलं. व्हिडिओ असा फिरला की येत्या रविवारपर्यंतची दोन्ही टेबलं भरली. त्या भिशीवाल्यांचाही फोन आला! मी घेतलं बुकिंग, पण आवाजात बर्फ ठेवून.

आज आई आली होती. मार्गशीर्षातला गुरुवार, त्यामुळे पुन्हा उपवास. लोक तिच्याजवळ जाऊन येसराचं प्रमाण विचारत होते. ती म्हणायची, "प्रमाण कसलं, हाताचा अंदाज."

मागं ओट्याशी लुंबिनीनं मला विचारलं, "सिंधुकाकू धने किती भाजतात गं? करपवतात का?" मी हसले. तीही हसली. बरं वाटलं, कारण हल्ली ती कामापुरतंच बोलते. थकत असेल.

२२ डिसेंबर, सोमवार

काल मोठा दिवस होता. पहाटे फिरायला जाणाऱ्यांचा एक ग्रुप आहे, तीस जणांचा, बहुतेक जोडपी. त्यांचे म्होरके गुरुबसप्पा काका. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना सत्कार करण्याचा नाद आहे. त्यांच्या गाडीच्या डिकीत चार शाली कायम असतात. रस्ता झाडणाऱ्यापासून कलेक्टरपर्यंत कुणाचाही सत्कार ते उभ्याउभ्या करू शकतात.

येसर संपत आला होता म्हणून पार्वतीकाकू मुद्दाम सकाळच्या एसटीनं दोन डबे घेऊन आल्या आणि गर्दी बघून स्वयंपाकघरात हाताला लागल्या. आई गल्ल्यापाशी बसली होती. तिनं आता रविवारचे उपवासही धरलेत.

आमटीची तीन पातेली संपली. मग गुरुबसप्पा काका माईक घेऊन उठले. ते स्वतःचा माईकही आणतात. "ज्या माउलीच्या हातचा हा येसर आहे, त्या माउलींनी पुढे यावं!" टाळ्या सुरू झाल्या.

मी क्षणभर थांबले. खरंच थांबले. पण कार्डावर फोटो, व्हिडिओत आई, तीस माणसं टाळ्या वाजवतायत, अशा वेळी काय करणार? मी आईला हाक मारली. काकांनी शाल पांघरली, नारळ दिला, फोटो झाले. आई म्हणाली, "लेकरं पोटभर जेवली, यातच आलं." छान बोलली.

पार्वतीकाकू हात पुसून, पदर सारखा करून दारापर्यंत आल्या होत्या. पाणी हवं असेल म्हणून मी मलप्पांना खूण केली, पण ते मान खाली घालून भाकरी थापत राहिले. मग काकू आपल्या आपणच आत गेल्या. दुपारच्या गाडीनं परत गेल्या, जेवायला थांबल्या नाहीत. लुंबिनी त्यांना स्टँडवर सोडायला गेली.

आज अकरा वाजले तरी ती आलेली नाही. फोन उचलत नाही.

२३ डिसेंबर, मंगळवार

मेसेज आला. 'येसर दोन डबे हाय, महिनाभर पुरेल. मीठ शेवटी टाक. मी येणार न्हाई.'

बस्स. एवढंच. दहा वर्षांची मैत्री, दोघींनी मिळून उभं केलेलं हॉटेल, आणि ही मला मिठाचं सांगते! एका शालीसाठी! मला सांगितलं असतं तर मी दहा शाली आणल्या असत्या. रागाच्या भरात मी आजचं कांद्याचं ताट आपटलं. कांदा सगळ्या स्वयंपाकघरात पसरला.

मलप्पांनी एकेक तुकडा उचलला. मग म्हणाले, "अक्का, तुमी चिडता लई. पन चुकीच्या मानसावर."

"मग बरोबर माणूस कोण?"

"म्या भाकरी करतो," म्हणाले, आणि तव्याकडे वळले. असला राग आला मला. सगळे कोड्यात बोलतात, सरळ कुणी सांगत नाही.

२८ डिसेंबर, रविवार

दोन पानं लिहून फाडली, हे तिसरं.

आठवडाभर स्वयंपाक मीच ओढतेय. आज दुपारी गिऱ्हाईक गेल्यावर आई आली. "दमलीस गं बाई," म्हणून शेजारी बसली, आणि म्हणाली, "वाढ मला पण."

मी वाढलं. भाकरी, वांगं, आमटी. तिनं आमटी भाकरीत कुस्करून खाल्ली. पुन्हा मागितली. "आता चव आली बघ," म्हणाली. मी खूश झाले. माझ्या हातच्या स्वयंपाकाला कधी कुणी चव आली म्हटलेलं नाही.

मग एकदम लक्षात आलं. "आई, आज रविवार ना? तुझे रविवार?"

"सोडले."

"कधी?"

"ह्याच आठवड्यात."

मी तिच्या ताटाकडे बघत राहिले. संकष्टीची खिचडी, मार्गशीर्षातला गुरुवार, आणि मधे एका बुधवारी आली होती तेव्हा दात दुखत होता. सात वेळा आली असेल. एकदाही घास नाही. मी माणसांचे चेहरे वाचून गाड्या विकलेली बाई, आणि मला माझ्या आईचं ताट दिसलं नाही.

"तू लुंबिनीच्या हातचं खात नव्हतीस."

"हळू बोल. मी कुणाला कधी वंगाळ बोलले का? पार्वतीबाईला ताई म्हणते मी. मान देते. पर खायाचं येगळं असतंय, ते तुला कळायचं न्हाई."

"आणि आता खातेस ती आमटी? येसर पार्वतीकाकूंचाच आहे, आई. त्यांनीच आणलेल्या डब्यातला."

तिचा हात ताटात थांबला. मग तिनं ताट सरकवलं, हळूच, आवाज न करता, आणि उठून हात धुतले. बराच वेळ धूत होती.

मी काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. आईला कुणी बोलू नये असं बोलले. शालीवरूनही बोलले. जिच्या हातचा घास चालत नाही तिच्या नावची शाल कशी चालली, म्हटलं.

आईनं पदरानं हात पुसले. "शाल मी मागितली न्हवती. फोटो बी मी छापला न्हाई. तू हाक मारलीस मला."

ती गेली. मला तिच्यावरचा राग पुरता काढताही येईना, कारण ती खरं बोलली होती. भिशीवाल्या बायकांनी एक बुकिंग टाळलं. मी काय केलं? त्यांना आवडेल असं एक नाव छापून दिलं आणि त्याला लुंबिनीची बाजू घेणं म्हटलं. मी तिला वाचवत नव्हते. लपवत होते. स्वतःचा इतका संताप मला आजवर कधी आला नव्हता.

२ जानेवारी, शुक्रवार

मुखेडला जाऊन आले. अहमदपूरला बस बदलली. येसराचे उरलेले डबे सोबत घेतले होते, ते त्यांना परत दिले. आता ते वापरण्याचं तोंड मला नाही.

पार्वतीकाकूंनी "ये, बस" म्हटलं, चहा दिला. लुंबिनी ओसरीवर मिरच्यांची देठं काढत होती. तिनं मान वर केली नाही. मी काकूंचे पाय धरले, सगळं कबूल केलं, रडलेही. मला वाटलं होतं काकू पाठीवरून हात फिरवतील.

काकू म्हणाल्या, "सृष्टी, मी अठ्ठावीस वर्सं शाळेत काढली. गॅदरिंगला बक्षीस देताना कधी नाव चुकायचं, भलतंच लेकरू स्टेजवर जायचं. मग ज्याचं बक्षीस, ते खाली बसून रडायचं. नंतर त्याला वर्गात बोलवून वही दिली तर ते घ्यायचं न्हाई. त्याला परत स्टेजवरच बोलवावं लागायचं."

मी म्हटलं, "काकू, मी मोठा सत्कार ठेवते तुमचा."

तेव्हा लुंबिनी पहिल्यांदा बोलली. "तुला ऐकू येतंय का आई काय म्हणून राहिली? सत्कार न्हाई पायजे आमाला. खोटं तू माईकवर बोललीस, आन् माफी मागायला आमच्या ओसरीवर आलीस. हितं कोण हाय ऐकायला? तीन कोंबड्या?"

"ठीक आहे. कार्डावर काकूंचं नाव..."

"आमचं नाव घालायचं का न्हाई ते आमी ठरवू. तू आधी खोटं काढ."

"मग येशील परत?"

"लगेच सौदा!" म्हणाली आणि मिरच्यांचं सूप उचलून आत गेली.

येताना बसमध्ये खिडकीशी बसून मी तिच्यावर चिडले. अहमदपूरपर्यंत चिडले. पुढं चिडायला काही उरलं नाही.

१२ जानेवारी, सोमवार

काल गुरुबसप्पा काकांचा ग्रुप पुन्हा आला. संक्रांतीच्या आधीचं जेवण, तीस जण. जुनी कार्डं मी शनिवारीच फाडली होती. येसर नव्हता, म्हणून आमटी नव्हती. मी पिठलं केलं.

लोक बसले तसं काकांचा माईक मागून घेतला. त्यांना वाटलं मी स्वागत करणार. मी कागदावर लिहून आणलं होतं, ते वाचताच आलं नाही. म्हटलं, "गेल्या वेळी तुम्ही ज्या येसरासाठी शाल दिलीत, तो माझ्या आईनं केलेला नव्हता. तो मुखेडच्या पार्वतीबाई सोनकांबळे यांनी केला होता, आणि आमटी त्यांच्या मुलीनं, लुंबिनीनं. ती या हॉटेलची अर्धी मालक आहे. त्या दोघी तेव्हा त्या दाराआड उभ्या होत्या. मला माहीत होतं. तरी मी आईला हाक मारली, कारण तुम्ही आडनाव विचाराल अशी मला भीती होती. मी खोटं बोलले."

पाण्याचा ग्लास ठेवल्याचा आवाज तेवढा आला. मग गुरुबसप्पा काका अवघडून म्हणाले, "बाई, हे आम्हाला आधी सांगायला पाहिजे होतं."

"कशाच्या आधी, काका? शाल देण्याच्या की जेवणाच्या?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. एक जोडपं उठलं, त्यांच्यामागं आणखी. कुणाला एकदम काम आठवलं, कुणाची शुगर वाढली. नऊ जण गेले. एरवी मी त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकवत गेले असते. काल मी फक्त दार उघडं धरून उभी राहिले आणि प्रत्येकाच्या डोळ्यांत बघितलं. एकानंही माझ्याकडं बघितलं नाही. काका बसले. मान खाली घालून जेवले, पण जेवले. मलप्पांनी त्यांच्या ताटात न मागता गरम भाकरी टाकली.

आईला हे कुणीतरी रात्रीच कळवलं. ती माझ्याशी बोलत नाही. घरी जेवण झाकून ठेवते आणि आत जाते. मीही बोलत नाही.

आज सकाळी फोन वाजला. लुंबिनी. मलप्पांनी तिला सगळं सांगितलं होतं.

"किती उठले?"

"नऊ."

"आन् बसले त्यांना काय वाढलंस?"

"पिठलं."

"निस्तं पिठलं?"

"ठेचा होता. भाकरी. शेवटी पुरेना, मग पातळ केलं."

"पातळ केलंस म्हंजे? वरून पानी घातलंस?"

मग तिचा जो पट्टा सुटला! एकवीस माणसं उठून न जाता तुझ्या टेबलाला बसली आन् त्यांच्यापुढं पाणी घातलेलं पिठलं ठेवलंस, लाज कशी वाटली न्हाई, हैदराबादला असतीस तर शेफनं पातेल्यासकट बाहेर काढलं असतं, हॉटेल हाय का छावणी, आणि आणखी बरंच. मी एरवी एकाची दोन करून परत देते. आज फोन कानाला लावून ओट्याशी उभी राहिले आणि सगळं ऐकून घेतलं. परत येते असं ती म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

दम लागल्यावर ती थांबली. मग म्हणाली, "बेसन किती घेतलं होतंस?"

मी सांगितलं, आणि ती पुन्हा भडकली.